मोइन्योचा अकरावा सामना

आमच्या मंडळाच्या गणपती स्मरणिकेची मी सात वर्षं संपादक होते. संपादक म्हणजे आलेले सगळे लेख आपल्या अक्षरात लिहून काढायचे, झेरॉक्स करायचे आणि बोट दुखेपर्यंत स्टेपलर मारायचा. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावची आणि आसपासची मिळून आमच्यात एकसष्ट घरं. दरवर्षी दहाएक लेख यायचे, त्यातले चार 'अमेरिकेतली माझी पहिली थंडी' या विषयावर. थंडी सगळ्यांना सारखीच पडल्यामुळे लेखही सारखेच असायचे.

हेमचंद्र चौबळ मात्र थंडीवर लिहीत नसे. त्याचं दरवर्षी अर्धं पान यायचं: 'मोइन्यो फुटबॉल क्लब: इतिहास आणि सध्याची कामगिरी'.

हेमचंद्र मूळचा अकोल्याचा. रूट नाइनवरच्या एका कंप्युटर कंपनीत टेस्टिंगला होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका दिवसभर शोधायच्या आणि संध्याकाळी त्यांची यादी द्यायची. वय सेहेचाळीस, लग्न नाही, तळपाय सपाट. आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, दर वेळी साधा भात आणायचा. कुणी खोचकपणे बघितलं, तर "भातच कमी पडतो नेहमी," म्हणायचा. ते खरंही होतं.

१९८१च्या जानेवारीत त्याची गाडी फ्रेमिंगहॅममध्ये बंद पडली. टो ट्रक येईपर्यंत ऊब हवी म्हणून तो समोरच्या सलूनमध्ये शिरला, आणि नुसतं बसायचा संकोच वाटला म्हणून केस कापून घेतले. न्हावी जेराल्दो ब्राझीलचा. त्याच्या गावात एक पिठाची गिरणी, गिरणीच्याच नावाचा हा मोइन्यो क्लब, आणि क्लब राज्याच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये. चौथी डिव्हिजन नव्हती.

टो ट्रक दोन तासांनी आला. तोवर हेमचंद्रला कळलं होतं, की क्लब १९२८ साली गिरणीकामगारांनी काढला, पहिले शर्ट पिठाच्या पोत्यांचे होते आणि गोलकीपरच्या पाठीवर 'निव्वळ वजन ५० किलो' असं छापलेलं होतं. १९७९च्या पुरात क्लबची दप्तरं गेली आणि गोलचे खांबही वाहून गेले. खांब खालच्या गावाला सापडले. त्या गावाने ते परत दिले नाहीत. तिथे आता त्यांचा क्लब आहे.

त्यानंतर हेमचंद्र एक शनिवार आड केस कापायला जाऊ लागला. केस मुळात बेताचेच. ते संपल्यावर जेराल्दो नुसता कात्री वाजवायचा आणि वडिलांचं पत्र वाचून दाखवायचा.

वडील म्हणजे अनीझियो. १९५३ साली ते क्लबचे गोलकीपर होते. त्या वर्षी शेवटचा सामना मोइन्योने २-१ जिंकला. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जायला तेवढंच हवं होतं. पण सामन्याच्या कागदावर कुणीतरी १-२ लिहिलं आणि क्लब जागच्या जागी राहिला. तेव्हापासून प्रत्येक सामन्याचा निकाल अनीझियो स्वतः लिहीत. दप्तरं वाहून गेल्यावर ते दर आठवड्याला मुलाला कळवू लागले, आणि मुलाकडून ते हेमचंद्रच्या वहीत जाऊ लागले. स्मरणिका निघाली की हेमचंद्र आपली प्रत ब्राझीलला पाठवायचा, सोबत जेराल्दोने केलेलं भाषांतर. अनीझियो ते अंक क्लबच्या कपाटात ठेवायचे. आमची लिपी त्यांना दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वाटे, असं त्यांनी एकदा कळवलं होतं. क्लबचं दप्तर म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी त्याचं अर्धं पान दरवर्षी किराणा दुकानाच्या आणि डेंटिस्टच्या जाहिरातींमध्ये बसवायची, बस.

१९८६ साली जाहिरात आयत्या वेळी कॅन्सल झाली आणि हेमचंद्रचा लेख गणपतीच्या चित्रासमोर आला. शेवटचं वाक्य होतं, 'सलग अकरावा सामनाही मोइन्योने ०-४ असा गमावला.' आमचे अध्यक्ष चंद्रशेखर यांनी ते पान बघितलं.

"वसुधा, बाप्पासमोर अकरा पराभव? बॅड लक वाटतं गं. एक तरी जिंकव ना यार."

मी जिंकवला. ०-४चे ४-० केले, 'गमावला'चं 'जिंकला', 'सलग' गाळलं. एवढ्याने कुणाचं काय बिघडणार होतं? हा लेख कुणी वाचतं, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी हेमचंद्र दारात उभा. हातात अंक. चहा नको म्हणाला.

"वसुधाताई, एक मिस्टेक आहे."

मी गणपतीचं सांगितलं. शुभ अंकाचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग तो १९५३बद्दल बोलला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली, की मी कपातला चहा दोनदा ढवळला, साखर न घालताच.

"पुढच्या वर्षी दुरुस्ती छापू," मी म्हटलं.

"अनीझियोंचं पुढच्या वर्षीचं काही खरं नाही. ऑगस्टपासून बेडवर आहेत. मॅच खिडकीतून बघतात. जेराल्दोला जाता येत नाही, पेपर्स नाहीत. गेला तर परत येता येणार नाही."

"मग त्यांच्या एका प्रतीत पट्टी चिकटवून पाठवू."

"आणि बाकीच्या साठ घरांत मोइन्यो जिंकलेलाच राहील?"

मी शुद्धिपत्रकाच्या एकसष्ट पट्ट्या लिहिल्या. झेरॉक्स नको म्हटलं. हाताने केलं होतं, हातानेच निस्तरायचं. पुढचे तीन शनिवार-रविवार आम्ही त्याच्या गाडीतून घरोघर फिरलो, मागच्या सीटवर डिंकाची बाटली. काही घरांत अंक सापडेना. एका घरात तो टेबलाच्या आखूड पायाखाली होता. हेमचंद्रने टेबल उचललं, मी पट्टी चिकटवली, अंक परत पायाखाली ठेवला. चंद्रशेखर यांच्याकडे मी मुद्दाम दोन पट्ट्या चिकटवल्या.

मंडळातल्याच एका घरी सुलेखाने पट्टी वाचली, मग उभ्या उभ्याच अख्खा लेख वाचला.

"अकराच्या अकरा? मग कोच चेंज नाही केला?"

पाच वर्षांत वाचकाचा पहिला प्रश्न. हेमचंद्रने चाळीस मिनिटं उत्तर दिलं. त्याला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच बघत होते. सुलेखाची भाजी करपली, पण ती जागची हलली नाही.

एकसष्टावी प्रत आम्ही ब्राझीलला पाठवली. घरोघर फिरल्याचं जेराल्दोने पत्रात लिहिलं. नोव्हेंबरात उत्तर आलं, आणि ते ऐकायला हेमचंद्र मला सलूनमध्ये घेऊन गेला. जेराल्दो खुर्चीमागे उभा राहून इंग्रजीत सांगत होता, सवयीने कात्री वाजवत.

'पट्टी मिळाली. ०-४ बरोबर आहे. चौथा गोल ऑफसाइड होता, पण लागला तो लागला. १९५३ साली आमचा निकाल उलटा लिहिणारा माणूस पुढे बावीस वर्षं आमच्याच रस्त्यावर राहिला. माझं दार त्याच्या दारापासून तिसरं. तो कधी आला नाही. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. बारावा सामनाही हरलो. ०-१. सुधारणा आहे.'

कात्री थांबली होती. हेमचंद्रने वही उघडून बारावा निकाल लिहिला, तारीख दोनदा तपासली. मी रडत होते आणि ते दोघे तिकडे न बघण्याची खबरदारी घेत होते.

पुढच्या वर्षी त्याचा लेख एकाच वाक्याचा आला: 'निकाल कळवणारे श्री. अनीझियो डिसेंबरात वारले, त्यामुळे बाराव्या सामन्यानंतरची मोइन्योची कामगिरी माहीत नाही.'

चंद्रशेखर यांना विचारलं नाही. एक अक्षरही न बदलता मी तो गणपतीसमोरच्या पानावर घेतला.