वरून ओतलेलं पाणी

"ओटा धुऊन जा."

बाई एवढंच म्हणाली. मी तिच्या मागच्या दारी पालथी पडले होते. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर. श्वासाचा पत्ता नाही. तिने बादली माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, "सकाळी सकाळी ढोसून आलीस काय गं?"

मी धुतला ओटा. आठवलं की आजही अंगाची आग होते.

आमचं गाव तारापूरकडचं, किनाऱ्यावरचं. बोईसरला कारखाने आले, त्यांच्यामागून साहेब लोकांचे बंगले आले. मी आणि माझी जाऊ डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासळी विकायचो. हाक माझी असायची. ती ऐकून आधी मांजरं यायची, मग बाया.

मग गळ्याला गाठ आली. मुंबईच्या इस्पितळात ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, आवाजाची एक पट्टी लुळी पडलीय, गिळताना श्वासाची वाट नीट बंद होत नाही. पाणी पेल्यातून प्यायचं, हनुवटी छातीला लावून, एकेक लहान घोट.

भाकरी उतरायची. पाणी मात्र श्वासाच्या वाटेला जायचं. माझा सासरा समुद्रात बुडाला होता, त्याचं प्रेतही मिळालं नव्हतं. सासू म्हणायची, "त्याची तहान तुझ्या गल्यात बसली हाय." मी हसण्यावारी न्यायचे. पण पेला तोंडाला लावला की म्हातारा आठवायचा.

बंगल्यांतली रीत अशी, की कोळणीला पाणी द्यायचं ते वरून. आपण खाली बसायचं, ओंजळ तोंडाशी धरायची, बाईने उभ्याने तांब्या ओतायचा. भांड्याला मासळीचा वास लागतो म्हणे. आमचं पापलेट त्यांच्या ताटात चालायचं, आमचे ओठ पेल्याला चालत नव्हते. माझ्या आईने अशीच ओंजळ केली, मीही केली. त्या दिवशी सकाळीच ऊन फार होतं. गळ्याचं सांगायची लाज वाटली. धार सुरू झाली आणि थांबेना. थांब म्हणायला आवाज नव्हता.

बुडणं म्हणजे काय ते मला त्या ओट्यावर कळलं.

रात्र रात्र झोप लागेना. डोळा लागला की वरून धार पडायची आणि धारेपलीकडे सासऱ्याचं उघडं तोंड दिसायचं. हंड्यातून कुणी पाणी ओतलं तरी माझा श्वास अडकायचा. घरी पेल्याने प्यायले की ठसका कमी लागायचा. असंच एकदा घोट घेताना डोक्यात उजेड पडला. खोट माझ्या गळ्यात होती, मान्य. पण माझा घोट केवढा असावा, हे वरून ओतणारी बाई का ठरवते?

पुढच्या खेपेला तीच बाई, तोच ओटा. तिने पापलेटं निवडून बाजूला काढली, मग तांब्या उचलला. मी हात मांडीवरच ठेवले. जाऊ घाबरली, मला कोपराने ढोसायला लागली.

"पेल्यात द्या," मी म्हटलं.

बाईला ऐकू आलं नाही, किंवा आलं. ती खाली वाकली. मी छातीतली सगळी हवा लावून पुन्हा म्हटलं, "पेल्यात द्या. माझ्या हातात द्या."

"इतकी वर्षं ओंजळ चालली की तुला."

"नाय चालली. मी चालवून घेतली."

तिने तांब्या ठेवला. पेला काही आणला नाही. मी निवडलेली पापलेटं उचलून परत पाटीत टाकली आणि उठले. ते घर सुटलं. तिने शेजारीपाजारी सांगितलं, आणखी घरं सुटली. जाऊ वाटेत रडली. म्हणाली, "आता खावाचा काय गो?" मी पाटी सावरली आणि चालत राहिले.

गळा बरा झाला नाही. तो आता होणारही नाही. सासरा अजून येतो, धार अजून पडते. प्रत्येक घोटाला वाटतं, हाच शेवटचा. पाटीत माझा स्वतःचा पेला असतो. कुणाच्या दारी तहान लागली तर मी तो पुढे करते. त्यात कुणी पाणी देत नसेल, तर तशीच कोरड्या घशाने उन्हात चालते.

मरायचं तर तहानेने मरेन. ओंजळ करणार नाही.