गाव विचारायची खोड

माणूस भेटलं की आधी गाव विचारायचं आणि पाच मिनिटांत कुठलं तरी नातं काढायचं, ही आम्हा कोल्हापूरकरांची खोड. माझ्यात ती जरा जास्तच. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी शहरातल्या एका महिला निवारागृहात मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागले. नवऱ्याचा, सासरचा मार खाऊन बाहेर पडलेल्या बायका तिथे राहतात. त्यांचे अर्ज लिहून द्यायचे, हे माझं काम. खरं सांगायचं तर अर्जापेक्षा मला त्या बायकांचंच कुतूहल होतं.

घर सोडताना बाई हातात काय घेते, हे मी हटकून विचारायची. कुणी आधार कार्ड आणलेलं, कुणी नुसतंच पोराचं दप्तर. एकीने फक्त कुकरची शिट्टी आणली होती. का, म्हटल्यावर म्हणाली, "शिजवू दे की आता त्येला." मी हसले, तीही हसली, आणि मग बराच वेळ रडत बसली.

तिथल्या अधीक्षिका माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण करड्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "बाई, हितली गोष्ट हितंच. भाऊ असू दे न्हाईतर जाऊ, बाहेर बोलायचं न्हाई." मी मान डोलावली. पोरांना शिस्त लावण्यात जन्म गेला माझा, मला काय सांगता, असंही मनात आलं.

दिवाळीनंतर चंदगडकडची एक बाई आली, सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. डाव्या हाताला प्लास्टर. याआधी दोनदा नवऱ्याने तिला माहेरातून ओढत परत नेलं होतं. तिसऱ्यांदा ती माहेरी न जाता थेट कोल्हापूरच्या एसटीत बसली. आपण कुठे आहोत हे त्याला कळू नये, एवढंच तिचं मागणं. मुलीला जवळच्या शाळेत पहिलीत घातलं. तीन आठवड्यांत पोरगी 'कमळ', 'बदक' वाचायला लागली आणि मला आजी म्हणू लागली.

एकदा अर्ज लिहिता लिहिता मी विचारलंच, "आजोळ कुठलं गं तुझं?"

"नेसरी."

माझ्या चुलत जावेचं माहेर नेसरी! मग गल्ली विचारली, आजोबांचं घर विचारलं, आणि ते निघालं जावेच्या माहेराच्या अगदी शेजारचं. मला कोण आनंद झाला. तीही पहिल्यांदाच खुलून बोलली. आजोळच्या विहिरीबद्दल, मामीच्या हातच्या आंबोळ्यांबद्दल.

घरी आल्याबरोबर मी जावेला फोन लावला. पत्ता सांगितला नाही. तुमच्या माहेरच्या शेजाऱ्यांची नात आमच्या निवारागृहात आहे, सुखरूप आहे, एवढंच म्हटलं. चांगली बातमी सांगितल्याचं समाधानही वाटलं मला.

पुढच्या शुक्रवारी दुपारी फाटकात तीन माणसं उभी. नवरा, त्याचा मामा आणि सासू. सासूच्या हातात काजूची पिशवी.

"पावणं हाय आमी. पाच मिंटं बोलून जातो," मामा मोठ्याने म्हणाला.

"कुणाचं पावणं? हितं तुमचं कोन न्हाई," अधीक्षिकांनी फाटक न उघडताच सांगितलं आणि पोलिसांना फोन लावला. तेव्हा कुठे ते हलले. ती बाई तोवर न्हाणीघरात कडी लावून बसली होती, मुलीला पोटाशी धरून.

यांना पत्ता लागला कसा? मला चैन पडेना. वॉचमनला खोदून खोदून विचारलं. दूधवाल्यावर संशय घेतला. शाळेच्या रिक्षावाल्याची तर उलटतपासणीच केली. संध्याकाळी जावेचा फोन आला.

"मिटलं का गं त्यांचं? तुझा फोन आल्यावर मी नेसरीला तिच्या मामीला कळवलं हुतं. सासरची मानसं मामीकडं येऊन रडत हुती म्हनं. मामीनं मला जागा इचारली, मी तू जातीस ती सांगितली. मोडू नये बाई कुणाचं घर."

मी कुठे जाते हे साऱ्या भावकीला मीच तर कौतुकाने सांगून ठेवलं होतं.

सकाळी अधीक्षिकांपुढे कबूल केलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "दुपारी दुसऱ्या जिल्ह्यात हलवतोय तिला," एवढंच बोलल्या. मग तिच्यापुढे गेले. ती एका हाताने पिशवीत कपडे कोंबत होती. सगळं सांगून टाकलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"मुद्दाम न्हाई केलासा, ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर पोरीची शाळा सुटली की."

दुपारी जीप आली. दोघी मागे बसल्या. पोरगी खिडकीतून वाकून म्हणाली, "आजी, आमी कुठल्या गावाला चाललोय सांगू?"

खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला ते ऐकायचं होतं. तिच्या आईचा हात पुढे यायच्या आत मी तिच्या तोंडावर हात ठेवला.