बोरसीच्या सत्तावीस तक्रारी

एप्रिलमधला दुसरा गुरुवार, संध्याकाळी साडेसात. ठरलेलं मानधन दीड हजार रुपये. हजर: मी, माझी बायको, आई आणि सतरा वर्षांची मुलगी. बोरसीत राहणारी थोरली बहीण घरी नव्हती, पण फोनवर होती, आणि तिला कोणी बोलावलं नव्हतं.

जागा आमच्या स्मृति नगरच्या घराची बैठक. रायपूरच्या एका वृत्तवाहिनीवरच्या चर्चेत मी पहिल्यांदा बोलणार होतो, तेही घरूनच. कूलर बंद होता, कारण त्याची घरघर माइकमध्ये जात होती. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर यावा म्हणून मुलीने तो तांदळाच्या डब्यावर ठेवला. आई माझ्यापासून चार फुटांवर टीव्ही लावून बसली. आवाज बंद. टीव्हीवरचा मी खऱ्या मला गाठायला सात-आठ सेकंद घेत होता. आई एकदा माझ्याकडे बघे, एकदा त्याच्याकडे.

"यातला कोनता तू खरं बोलून राहिला?" तिने विचारलं.

"आजी, चुप! लाइव्ह होने वाला है," मुलगी म्हणाली.

इथवर मी कसा आलो ते थोडक्यात सांगतो. एकोणीस वर्षं सरकारच्या सांख्यिकी कार्यालयात तक्ते केले: हातपंप किती, त्यातले चालू किती, चालू म्हणून लिहिलेले पण बंद किती. मग स्वेच्छानिवृत्ती घेऊन एका छोट्या कंपनीत गेलो. ती पोरं एक यंत्र घडवत होती. नागरिकाने फोन करायचा, हिंदीत किंवा छत्तीसगढीत तक्रार बोलायची. यंत्र ती ऐकून लिहून घेणार आणि योग्य विभागाला पाठवणार. माझं काम दुहेरी: सरकार कसा विचार करतं ते यंत्राला शिकवायचं, आणि यंत्र कसा विचार करतं ते सरकारला. पहिलं काम सोपं गेलं. शिवाय एका स्थानिक वर्तमानपत्रात मी प्रचारातल्या भाषणांतले आकडे अर्थसंकल्पाशी ताडून लिहू लागलो. त्यावरून वाहिनीचा फोन आला. मी 'राजनीतिक विश्लेषक' झालो आहे हे मला पडद्यावरची पट्टी वाचून कळलं. बायकोने त्या पट्टीचा फोटो काढून नंदिनी नगरच्या माहेरी पाठवलासुद्धा.

मला फार आनंद झाला होता. कबूल करतो.

चर्चेचा विषय पाण्याची टंचाई आणि येणारी निवडणूक. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला जिल्हा कार्यालयात बैठक होती. तीन जादा टँकर कुठे पाठवायचे ते तिथे ठरणार होतं, आणि आधार होता आमच्या यंत्राने केलेला तक्ता. तोच तक्ता मी दुपारी वाहिनीलाही पाठवला, बेरजेसकट एकेक ओळ. बेरीज दाखवायची तर खालच्या रकमाही दाखवाव्यात, ही माझी जुनी सवय.

निवेदकाने विचारलं, मी सांगितलं: कारखान्याच्या वसाहतीतल्या एका सेक्टरात दोनशे अठ्ठ्याण्णव घरं पाण्यावाचून, बोरसीत सत्तावीस. दोन पक्षांचे दोन प्रवक्ते होते. विरोधी पक्षाच्या प्रवक्त्याने तत्काळ राजीनामा मागितला. सत्ताधारी प्रवक्ता म्हणाला, तिन्ही टँकर उद्याच त्या सेक्टरात जातील. दोघंही माझाच आकडा घेऊन भांडत होते. मला तर हवेत चालल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. ताई. बायको स्वयंपाकघरात पळाली, पण ताईचा आवाज फोनबाहेरही पुरतो.

"सत्तावीस? आमच्या एका गल्लीतच इतके घरं हायेत! मी पंधरा दिवसांपासून पहाटे पाचले शेजारच्या बोरवर बालटी घेऊन उभी रायतो. माह्या भावाले हे दिसत नाही का? इच्यार त्याले!"

"अहो ताई, ते लाइव्ह आहेत," बायको कुजबुजली.

"मंग त लवकरच इच्यार!"

मी चेहरा हलू दिला नाही. तेवढ्यात पडद्यावर तक्ता आला. सेक्टरच्या नऊ ओळी, दर तक्रारीला एक: चौतीस, बत्तीस, चौतीस, छत्तीस, अठ्ठावीस, पुन्हा चौतीस, एकतीस, पस्तीस, चौतीस. आई चष्मा वर करून टीव्हीजवळ गेली. ती त्या सेक्टरात सत्तावीस वर्षं राहिली. वडील कारखान्यात होते, आणि मीही तिथेच वाढलो.

"अरे बाबू!" ती ओरडली. "थे घरं नोहे, स्ट्रीटचे नंबर होत! चौतीस म्हंजे आपली स्ट्रीट! थो पानी नाही आलं म्हून सांगून राहिला, न तू त्याच्या घरात चौतीस घरं घुसवून राहिला!"

मुलीने माइक बंद करायला हात टाकला, पण उशीर झाला होता.

चूक मला एका क्षणात दिसली. नियम मीच लिहिला होता: तक्रारीत आकडा आला तर तितकी घरं, आकडा नसेल तर एक घर. सेक्टरचा आकडा वगळायला मी यंत्राला शिकवलं होतं, स्ट्रीटचा राहिला. चाचणी खेड्यांतल्या फोनवर केली होती आणि तिथे कुणी स्ट्रीट नंबर सांगत नाही. बोरसीतही माणसं 'पाण्याच्या टाकीमागे, पिंपळाजवळ' असा पत्ता देतात. म्हणून तिथल्या सत्तावीस फोनची सत्तावीस घरं झाली, आणि सेक्टरच्या नऊ फोनची दोनशे अठ्ठ्याण्णव. शाळेत नाव सांगायच्या आधी स्ट्रीट आणि क्वार्टर नंबर सांगायला शिकलेला माणूस मी, आणि हे मला सुचलं नाही.

"सर, आपके यहाँ कौन बोल रहा है?" निवेदकाने विचारलं.

"मेरी माताजी हैं."

"क्या कह रही हैं?"

मराठी कळणारं त्या पडद्यावर कुणी नव्हतं. जेवायला बोलावते आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. दीड हजार, पट्टी, नंदिनी नगरला गेलेला फोटो, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आणि सकाळी तिन्ही टँकर नऊ घरांकडे गेले असते.

"कह रही हैं कि मेरा आँकड़ा ग़लत है," मी म्हणालो, "और सही कह रही हैं. वहाँ सिर्फ़ नौ शिकायतें हैं. बोरसी में सत्ताईस. ग़लती मशीन की नहीं, मेरी है."

मग एक प्रवक्ता म्हणाला, सरकारची मशीन खोटी. दुसरा म्हणाला, त्याच खोट्या आकड्यावर तुम्ही आत्ता राजीनामा मागितला! आईने मान पुढे काढली. आता ती पडद्यावर दिसत होती.

"झगड़ा मत करो रे बाबा," ती हिंदीत म्हणाली, "पानी बोरसी भेजो."

निवेदक हसला. मीही हसलो, थांबता येईना. शेवटची चार मिनिटं तिन्ही पुरुष सोडून तो आईलाच प्रश्न विचारत होता, आणि ती पदर सारखा करून उत्तरं देत होती. मुलगी सोफ्यावर उशीत तोंड खुपसून पडली होती.

"पप्पा, आपकी तो छुट्टी हो गई," ती म्हणाली.

सकाळी आठला कंपनीच्या मालकाला सुधारलेला तक्ता दिला. तो माझ्या मुलीपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठा. रागावला, आणि रागावणं बरोबर होतं. बैठकीत अधिकाऱ्याने जुना तक्ता बाजूला ठेवला. दोन टँकर बोरसीला, एक सेक्टरांकडे. आमच्या कंपनीच्या कंत्राटाची मुदतवाढ मात्र तीन महिने लांबली, कारण आधीचे सगळे फोन पुन्हा ऐकून तपासायचे ठरले. ते मी चार रविवार बसून ऐकले. त्याचे पैसे घेतले नाहीत.

शनिवारी ताईचा फोन आला. "आला बाप्पा टँकर. पन नळीले भोक हाय. कोनाले सांगू, तुह्या मशीनले?"

"सांग," मी म्हणालो. "फक्त पत्त्यात आकडा घालू नको."

मानधन पाठवू नका, असं मी वाहिनीला कळवलं होतं. त्यांचा हिशेबनीस म्हणाला, पाठवायची सोय आहे, थांबवायची नाही. अकराव्या दिवशी पैसे खात्यात आले. आईने विचारलं, चूक कोनं पकडली? तू. मंग? ताईने फोनवरून विचारलं, पहिला संशय कोनाले आला? तिचंही खरं होतं. बँकेतून पाचशेच्या तीन नोटा काढल्या. आईला दोन दिल्या, ताईला बोरसीला जाऊन एक.