नटावरचा टाका

आवळलेल्या नटावर वेल्डिंगचा टाका मारून ठेवणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो. आमच्या धंद्यात अशी माणसं पावलोपावली भेटतात. नट-बोल्ट ही मुळात खोलता यावी म्हणून केलेली वस्तू. ती आवळायची आणि वर वितळलेल्या लोखंडाचा थेंब टाकून कायमची जाम करायची, म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली विहिरीत फेकण्यातला प्रकार. पण सुरतेजवळच्या सचिन गावातल्या शेडपासून बारडोलीच्या उसाच्या रस्त्यांपर्यंत कुठल्याही ट्रॉलीखाली वाकून बघा, टाका दिसणारच. रस्त्यांना खड्डे, माल मापाबाहेर भरलेला, आणि नट गळून पडला तर चाक कुणाच्या अंगावर जाईल सांगता येत नाही. म्हणून टाका.

टाका मारणाऱ्यांचा राजा म्हणजे माझा थोरला भाऊ. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," असं मी त्याला चिडवायचो. दादा हसायचा आणि मला दाखवून दाखवून पुढचा टाका मारायचा. ही म्हण आता माझ्या तोंडून निघत नाही.

आमचे वडील खानदेशातून सुरतेला लूमवर कामाला आले आणि नवागामच्या एका खोलीत आम्ही वाढलो. दादानं शाळा लवकर सोडली आणि एका वेल्डिंगच्या दुकानात लागला. मी डिप्लोमा केला. पुढं दोघांनी मिळून सचिनला भाड्यानं शेड घेतली आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, छोटे ट्रेलर बनवायला लागलो. ड्रॉइंग माझं, वेल्डिंग दादाचं. भांडण दोघांचं, आणि ते रोजचं. घरी अहिराणी, शेडमध्ये हिंदी, गिऱ्हाइकाशी गुजराती. पण भांडायची वेळ आली की आम्ही शेडमध्येही अहिराणीवर यायचो. कामगार मग चहाला निघून जायचे.

या धंद्यातली खरी डोकेदुखी एक्सलची. ट्रॉलीचा सांगाडा आम्ही बनवायचो, पण खालचा एक्सल गिऱ्हाईक स्वतः घेऊन यायचं. कुणाकडे भंगारातल्या ट्रकचा, स्प्रिंगच्या पाट्यांसकट. कुणाकडे साधा, बिनपाट्याचा. ऊसवाल्याला दोन एक्सलची जोडी लागायची, तर लूमची अवजड मशिनं वाहणाऱ्याला मधे खाली वाकलेला एक्सल, म्हणजे माल जमिनीजवळ राहतो. प्रत्येकासाठी सांगाडा नव्यानं कापायचा, नव्यानं जोडायचा. शिवाय बिनपाट्याचा एक्सल घातला की ट्रॉली खाली बसते, पाट्याचा घातला की वर उचलली जाते, आणि ट्रॅक्टरचा हूक मात्र आहे तिथंच असतो. मी वैतागायचो. दादाला मात्र यातच मजा वाटायची. नवा एक्सल आला की तो त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायचा आणि खडूनं जमिनीवरच रेघा मारायला लागायचा. माझं ड्रॉइंग बिचारं कॉम्प्युटरवरच राहायचं.

मग त्याची नजर जायला लागली. आधी तो शेडमध्ये कशाकशाला अडखळायला लागला. बाजूला ठेवलेली बादली त्याला दिसायची नाही, समोरची दिसायची. आम्हाला वाटलं, वय झालं, चष्मा बदलू. डॉक्टरांनी तपासून काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती औषधानं जपायची, आणि वेल्डिंग बंद.  रिक्षात बसल्यावर दादा मला म्हणाला, "आते मी काय करू रे भाऊ?"



तरी तो रोज सकाळी डबा घेऊन, कामाचेच कपडे घालून शेडमध्ये यायचा. दाराशी स्टुलावर बसायचा. आत वेल्डिंगची आर्क पेटली की तिच्या आवाजाकडे मान वळवायचा आणि म्हणायचा, "करंट जास्त शे. कमी कर." बरेचदा बरोबर असायचं, कधी कधी नसायचंही. कामगार मान डोलवायचे आणि करंट होता तसाच ठेवायचे.  एकदा वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "भाऊ, त्यासले घर नका बसाडू. घर बसनात का खची जातीन." वहिनींनी त्याआधी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

दादाला शेडमध्ये खरं काम द्यायचं, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. त्यातून आमची ती खोलता येणारी फ्रेम जन्माला आली. लोकांना मी सांगतो की बाजाराची मागणी होती. मागणी होतीच, उसाचा हंगाम संपला की त्याच ट्रॉलीत विटा न् कापडाच्या गाठी वाहायला लोकांना हव्या होत्या. पण मागणी आधीही होती आणि मी काही केलं नव्हतं.

कल्पना सोपी होती. वरचा सांगाडा सगळ्यांना एकच. त्याच्या दोन्ही लांब तुळयांना खालून ओळीनं सारख्या अंतरावर भोकं. प्रत्येक जातीच्या एक्सलसाठी वेगळ्या पाट्या, म्हणजे जाड लोखंडी तुकडे, पण त्यांची भोकं त्याच मापाची. पाटी लावा, बोल्ट आवळा, एक्सल बसला. उंची कमी पडली तर मधे ठोकळा घाला. वजन पुढं-मागं करायचं असेल तर एक भोक पुढं सरका. एक्सल बदलायचा तर बोल्ट खोला. एक्सल जोडायला वेल्डिंगच नाही. सगळं काम पान्याचं, आणि पाना फिरवायला डोळे लागत नाहीत.

प्रत्येक पाटीचा एक कोपरा मी तिरका कापून घेतला. तो कोपरा नेहमी पुढच्या बाजूला. कामगारांना वाटलं, उलटी बसू नये म्हणून केलंय. खरं म्हणजे दादानं नुसता हात फिरवला की त्याला कळावं, पाटीची पुढची बाजू कुठली, म्हणून ते होतं. दादाला मी हे सांगितलं नाही. पण पहिल्याच दिवशी त्याचा अंगठा त्या तिरक्या कडेवर जरा जास्त वेळ थांबला. मग त्यानं पाटी उचलून जागेवर धरली.

पहिली ट्रॉली बारडोलीकडच्या एका ऊसवाल्याची होती. तिचे सगळे बोल्ट दादानं आवळले. आडवा पडून, चाचपून, एकेक. आवळून झाला की विचारायचा, "आवळाई गया का रे? देख बरं."

मी लांब दांड्याचा पाना लावून बघायचो. नट तसूभर हलायचा नाही. "झालाय दादा, पक्का झालाय."

"तू माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन सांगस."

"अरे, तुला बरं वाटावं म्हणून मी आजवर कधी काही बोललोय का?"

यावर तो हसायचा, पण त्याला पटायचं नाही. एकच नट तो मला पुन्हा पुन्हा बघायला लावायचा. कुणीतरी आपल्यावर दया करतंय आणि त्यासाठी आपल्याला हातात पाना दिलाय, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. मी चिडायचो. देवाशप्पथ घट्ट आहे म्हणून सांगायचो. त्यानं काही फरक पडायचा नाही. ज्याला आयुष्यभर काम डोळ्यांनी तपासायची सवय, त्याला दुसऱ्याच्या तोंडची खात्री पुरत नाही, हे आज कळतं.

ट्रॉली तयार होऊन शेडमध्ये उभी होती तेव्हा श्रावण होता आणि कानबाईचा सण आला. आमच्या खानदेशी लोकांचा हा मोठा सण. गावी जितक्या थाटात होतो तितक्याच थाटात नवागामला होतो. रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठीमुठीनं गहू काढतात. दादाच्या नावाची मूठ वहिनी जरा मोठीच घ्यायच्या, आणि मी ते दरवर्षी मोठ्यानं बोलून दाखवायचो. दुसऱ्या दिवशी कानबाईला वाजतगाजत निरोप द्यायचा असतो. त्या सकाळी सगळे निघाले, तर दादा नाही. शेडची किल्ली घेऊन शेजारच्या रिक्षावाल्याबरोबर सचिनला गेलाय म्हणे. शेड बंद, कामगार सुट्टीवर, मग हा तिथं काय करणार? मला वाटलं, गर्दीत धक्के लागतात, दिसत नाही, म्हणून टाळलं असेल.

तो दुपारी परतला तेव्हा डोळे लालभडक, पाणी वाहतंय. वहिनी घाबरल्या. "धूळ गई," म्हणाला आणि डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून राहिला. वेल्डरच्या घरात राहून आम्हाला ते डोळे ओळखता यायला हवे होते. पण त्याचं वेल्डिंग सुटून इतके दिवस झाले होते की कुणाच्या मनातही आलं नाही.

ट्रॉली बारडोलीला गेली. तशाच आणखी ट्रॉल्या झाल्या, त्यांचेही बोल्ट दादानंच आवळले आणि दर वेळी तेच विचारलं. थंडीत एका सकाळी अंघोळीचं पाणी तापत ठेवून तो खाटेवर बसला तो उठलाच नाही. डॉक्टर आले तोवर सगळं संपलं होतं. पाणी उकळत राहिलं होतं, ते बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

उसाचा हंगाम संपला आणि बारडोलीचा तो ऊसवाला ट्रॉली घेऊन परत आला. सोबत दुसरा एक्सल, स्प्रिंगच्या पाट्यांचा. आता विटा वाहायच्या होत्या. "भाई, आ तो खुलतु ज नथी," तो म्हणाला. माझं डोकं फिरलं. अख्खी फ्रेम खोलता यावी म्हणूनच केलेली, आणि हा म्हणतो खुलत नाही. ड्रायव्हरनं टाके मारले असणार, असं बडबडत मी ट्रॉलीखाली सरकलो आणि चिखल खरवडला.

प्रत्येक नटावर टाका होता.

तो ड्रायव्हरचा नव्हता. टाका संपवताना रॉड किंचित डावीकडे ओढायची दादाची सवय मी लहानपणापासून बघत आलो होतो. पण दादाचा टाका नेहमी मोजून मारल्यासारखा असायचा आणि हे टाके भरकटलेले होते. एक नटावर, एक नटाच्या शेजारी लोखंडावर, एक नुसताच हवेत सांडून खाली एक्सलवर गोठलेला. मागच्या एका नटाभोवती तर सगळीकडे थेंबच थेंब होते. रॉड टेकवला, चुकला, परत टेकवला, परत चुकला. शेवटी एक थेंब नटाच्या कडेला नीट धरला होता. आर्कच्या उजेडानं भाजलेले ते लाल डोळे, ओला रुमाल, "धूळ गई," सगळं माझ्या ध्यानात आलं. सण सोडून, राहिलेली नजर पणाला लावून, एकटा माणूस या ट्रॉलीखाली आडवा पडला होता. आपला हात आता भरवशाचा नाही, रस्त्यात कुणाचा जीव जाईल, या भीतीनं.

मला तिथंच रडू आलं. ऊसवाला बाहेर उभा होता, त्याला माझे पाय तेवढे दिसत असतील.

कामगार ग्राइंडर घेऊन आला. मी तो त्याच्या हातून घेतला आणि टाके मीच घासले. सगळे घासले, एकही ठेवला नाही. फ्रेम खोलायची होती. ठिणग्या अंगावर पडत होत्या. शेवटी त्या मागच्या नटाचा टाका उडाला आणि मी ग्राइंडर बंद केला.

पाना लावला. नट हलला नाही. मला वाटलं टाका शिल्लक असेल, म्हणून बोट फिरवून बघितलं, साफ होता. पान्याला पाइप लावला, तरी हलला नाही. मग कामगाराला खाली बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून त्या पाइपावर भार टाकला, तेव्हा कुठं तो एकदा कुरकुरला आणि सुटला. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. अख्खा हंगाम उसानं भरून धावलेली ट्रॉली, आणि एकही नट ढिला नव्हता. बोल्टाचे आटे आतून कोरे होते, कालच आवळल्यासारखे.

"दादा, घट्ट होते रे," मी तसाच पडल्या पडल्या म्हणालो. "टाका नसता तरी चाललं असतं."

कामगारानं विचारलं, "कुछ बोले, सेठ?"

मी म्हटलं, "नहीं. दूसरा एक्सल लाओ."