पोकळी घडवणारी बनाबाई

बनाबाईंनी इंजिन आतून कधीही पाहिले नव्हते. तरीही शिरोली एमआयडीसीतल्या हंबीररावांच्या फाउंड्रीत, १९७८ च्या सुमारास, इंजिनाचे अंतरंग घडत असे ते त्यांच्याच बोटांखाली. नृसिंह देशिंगकर या तरुण इंजिनिअरला ही गोष्ट उमगायला सहा महिने लागले, आणि उमगली तीही अपयशाच्या मार्गाने.

ओतकामात कोअर म्हणजे वाळूचा भाजलेला आकार. तो साच्यात बसवायचा, त्याच्याभोवती वितळलेले लोखंड ओतायचे, आणि थंड झाल्यावर वाळू ठोकून बाहेर काढायची. ती निघाली की तिच्या जागी पोकळी उरते. बनाबाई आणि त्यांच्या हाताखालच्या सहा बायका हे कोअर बनवत. वाळू घट्ट धरावी म्हणून तिच्यात साखर कारखान्याची मळी कालवलेली असे. किती मळी पुरे, हे बनाबाई चिमटीवरून सांगत. पेठ वडगावच्या गुऱ्हाळावर काकवीची तार बोटांत ओढून पाहण्यात त्यांची ऐन उमेदीची वर्षे गेली होती. गुऱ्हाळ बंद पडल्यावर त्या एसटीने रोज शिरोलीला येऊ लागल्या. बोटे तीच राहिली, फक्त पदार्थ बदलला.

त्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने ट्रकच्या इंजिनाचे चोवीस हेड, म्हणजे इंजिनावर बसणारे वरचे ओतीव भाग, नमुन्यादाखल मागवले. हेडच्या आत पाणी खेळायचे वेडेवाकडे मार्ग होते, म्हणून कोअरही तसाच वळणाचा. आराखड्यावरून साचा उभा करण्याची जबाबदारी नृसिंहची होती. हंबीररावांनी स्वच्छ सांगितले होते, "नमुना पास झाला तर आपण इंजिनवालं. न्हाय तर पुन्हा पंपाची झाकणं वतायची, आन् कोअरखात्याला कुलूप."

पहिले एकोणीस हेड भंगारात गेले. फोडून पाहावे तर लोखंडात वाटाण्याएवढी भोके. नृसिंहने वाळू बदलली, भट्टीचे तापमान वाढवले, पुस्तकांतले तक्ते पालथे घातले. भोके हटली नाहीत.

विसावा हेड फोडला तेव्हा बनाबाई खात्यातून उठून आल्या. त्यांनी तुकडा उचलला आणि भोकात करंगळी घातली.

"सायेब, धुराला वाट न्हाय."

"आहे की. तुम्हीच तर सायकलच्या तारेनं कोअरला भोकं पाडता."

"तार सरळ जाती. ह्यो कोअर वाकडा हाय. वळणावर धूर कोंडतोय, मग लोखंडात घुसंल न्हाय तर कुठं जाईल बिचारा?"

मागे कोणीतरी खुदकन हसले. कोअरखात्यातली धोंडुबाई म्हणाली, "आता बनाआक्काच कालिजात शिकवायला जातीया बघा!"

नृसिंह हसला नाही. मळी जळून वायू होतो, हे त्याला ठाऊक होते. पण त्या वायूच्या जागी स्वतःला ठेवून बाहेर पडण्याची वाट त्याने कधी शोधली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बनाबाई पदराच्या गाठीतून सुताच्या वाती घेऊन आल्या, देवापुढे लावतात तशा वळलेल्या, पण वीतभर लांब आणि मेणात बुडवलेल्या. कोअरचे दोन अर्धे जोडण्याआधी त्यांनी प्रत्येक वळणावरून एकेक वात निजवली. भट्टीत मेण वाळूत मुरले, सूत हलकेच ओढून काढले, आणि कोअरच्या पोटातून वळणावळणाची पोकळ वाट तयार झाली. पोकळीसाठी घडवलेल्या वस्तूच्या आत त्यांनी दुसरी पोकळी घडवली होती.

दुपारी लोखंड ओतले. या वाटा बाहेर निघाव्यात म्हणून साच्याच्या बाजूला ठेवलेल्या सहा तोंडांशी क्षणभर काहीच दिसले नाही. मग एकापाठोपाठ एक निळ्या ज्योती उमटल्या. आतला वायू बाहेर येऊन जळत होता. बनाबाईंनी बोटाने मोजल्या. "साही आल्या," एवढेच म्हणाल्या आणि कामाला गेल्या. नृसिंह मात्र ज्योती विझेपर्यंत हलला नाही. देवळातही त्याला इतके स्तब्ध उभे राहिल्याचे आठवत नव्हते.

चोवीस हेड निघाले. पाण्याच्या दाबाखाली एकही पाझरला नाही. कंपनीच्या अटीप्रमाणे त्यांतला एक उभा कापला, आणि बनाबाईंनी आपल्या हातची पोकळी पहिल्यांदा सबंध पाहिली. आतल्या भिंतीवरून बोट फिरवता फिरवता त्या एका जागी थांबल्या.

"हितं पातळ झालंया. वतताना कोअर वर उचललाय."

नृसिंहने मोजले. पाचच्या जागी पावणेपाच मिलिमीटर. साडेचारपर्यंत मुभा होती. "चालतं, बनाबाई. नियमात बसतंय."

"ह्यो कापला म्हनून दिसलं. बाकीचं तेवीस कुठं कापल्यात?"

"आगं बाई, ट्रक दारात हुबा हाय!" हंबीरराव कडाडले. "नृसिंहराव, सही करा कागदावर."

नृसिंहने पेन काढले. नमुन्यावरून समूहाचा अंदाज कसा बांधावा, यावर त्याने परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. आणि तोच प्रश्न एका निरक्षर बाईने बोटाच्या अग्रावर त्याच्यापुढे ठेवला होता. त्याने पेन परत खिशाला लावले. "ट्रक रिकामा जाऊ दे, मालक."

"आन् पुण्याला काय सांगू?"

"सांगा, आमच्या कोअरवाल्या बाईंना पसंत नाही."

बनाबाईंनी कोअरच्या वर पत्र्याचे बारीक आधार बसवले, तो हलू नये म्हणून. चोवीस हेड नव्याने ओतले गेले आणि नऊ दिवस उशिरा पुण्याला पोचले. तोवर हंबीरराव नृसिंहशी कामापुरतेच बोलत होते.

पंधरवड्याने पत्र आले. नृसिंहने ते कोअरखात्यात उभे राहून मोठ्याने वाचले: भिंतीची जाडी सर्वत्र समान, नमुना मंजूर. बायकांनी गलका केला. हंबीररावांनी पेढ्यांसाठी माणूस धाडला.

बनाबाईंनी वाळूने माखलेला हात न थांबवता विचारले, "किती कापलं त्यांनी?"

"तीन."

"मग बरं," त्या म्हणाल्या.