कोंडूकाकानं फोडलेला झरा

माझा चुलता कोंडू काही वाईट माणूस नव्हता, पण शहाणपणा मात्र त्याच्यात नको तितका होता. लोणावळ्याच्या अंगाला धरणाचं काम निघालं तेव्हा तो दगडखाणीवर गेला, सुरुंग भरायला शिकला आणि वाडीत परत आला तो छाती काढूनच.

आमची वाडी डोंगरावर. पावसाळ्यात पाणी नको नको होतं, आणि होळी झाली की उरतो एकच झरा, कातळाच्या फटीतून करंगळीएवढा. बायका पाळीनं घागर लावून बसायच्या. जुनी माणसं त्या फटीला लोखंड लावू देत नसत. गाळसुद्धा हातानंच काढायचा. काका म्हणाला, "फट मोटी केली की पानीबी लय येतंय. म्या खाणीत बघितलंय." कुणी अडवलं नाही, हेही खरंच. बायांना तर कधी एकदा बार उडतोय असं झालं होतं.

त्यानं सुरुंगाची दारू फटीत ठासली आणि बार उडवला. दिवसभर पाणी भदाभदा वाहिलं, लोकांनी काकाला डोक्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मग आटलं ते आटलंच. कातळ पार खालपर्यंत तडकला होता.

खाली कान्हे गावाच्या वाटेवर अंबाजी नावाच्या शेतकऱ्याची विहीर. तिला ऐन उन्हाळ्यात नवा पाझर फुटला. वाडीला तो पाणी भरू द्यायचा, तेवढा माणूस चांगला. त्यानं वांगी लावली आणि पहिल्या तोड्याची पाटी काकाला दिली. "कोंडू, तुज्यामुळं पिकलं बाबा." मेल्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाटी घेऊन काका चढ चढला. त्याच वाटेनं वाडीच्या बाया भरल्या घागरी घेऊन धापा टाकत होत्या. काकाला मान वर करवेना.

घरी चुलतीनं, सावित्राबाईनं, पाटी उतरून घेतली. "कवळी हायती," ती म्हणाली. "दम धरा जरा. शिजवायला पानी न्हाई, खाली जाऊन येते."

काकानं तिच्या हातातली घागर काढून घेतली. बाप्यानं डोक्यावर पाणी वाहायची आमच्यात रीत नाही. लोक हसले. तरी त्या दिवसापासून त्यानं चुलतीला कधी खाली जाऊ दिलं नाही, वाडीतल्या म्हाताऱ्यांचं पाणीही तोच भरू लागला.

म्हातारपणी काकानं अंथरूण धरलं तेव्हा चुलतीनं त्याच्या तोंडाला तांब्या लावला.

"खालनं कुनी आनलं?"

"मीच की."

त्यानं ओठ मिटून घेतले. चुलती रडून विनवायला लागली, तेव्हा एक घोट घेतला.

"बास," तो म्हणाला. "एवड्यात भागतंय माजं. पुन्ना नगं जाऊस."