कार्डांची मागची बाजू

भंडाऱ्याहून पवनीची एसटी सुटली तेव्हा मी निश्चिंत होतो. पवनीच्या एका महाविद्यालयाने ग्रंथालयाची यादी संगणकावर चढवली होती, ती तपासून अहवालावर सही करायची, एवढंच काम. मी साताऱ्याकडचा ग्रंथपाल. अशा कामांना मला बोलावतात आणि मलाही मिरवायला आवडतं. माझी सही झाली की कार्डांचं जुनं लाकडी कपाट रद्दीत जाणार होतं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या (बांध घातलेली खाचरं), मधूनच एखादी बोडी (लहान तळं). रोवणा (भाताची लावणी) चालू होता. पवनीला उतरून जुन्या परकोटाच्या (तटबंदीच्या) कडेने विचारत विचारत महाविद्यालय गाठलं.

ग्रंथपाल सुनंदा मॅडम महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांनी किल्ल्या दिल्या, दुपारी डब्यातले लाखोरीचे (लाख डाळीचे) वडे आग्रहाने वाढले, पण कपाटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग माझा धांदरटपणा कामी आला. चहाचा पेला कलंडला आणि एका खणातली कार्डं भिजली. पुसायला एक उलटलं, तर मागे निळ्या शाईत लिहिलेलं : ‘पऱ्हे : रोवण्याआधीची धानाची रोपं. सांगणारी : ठमाबाई.’ खाली गावाचं नाव आणि कंसात ‘बुडालं’.

मी आणखी कार्डं उलटली. सगळ्या खणांत तेच.

गोसीखुर्द धरणाचं पाणी चढणार हे ठरल्यापासून मॅडम दर रविवारी बुडणाऱ्या गावांना जाऊन शब्द टिपत होत्या. लोक नव्या वसाहतींत गेले, शेतं गेली, आणि शेतांबरोबरचे शब्दही जाणार हे त्यांना दिसत होतं. कुणाला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

“कोणाले सांगू सर? ग्रंथपालाले पुस्तकं देता-घेता आली म्हणजे झालं, असंच वाटते सगळ्याईले.”

मग कार्डं घरी तरी न्या, मी म्हणालो.

“कॉलेजचे कार्ड हायेत. कसे नेऊ?”

वीस वर्षांची स्वतःची मेहनत, पण कार्डं महाविद्यालयाची. या बाईंच्या सचोटीचा मला राग आला आणि माझी मलाच लाजही वाटली.

तेवढ्यात शिपाई नामदेवभाऊ दोर घेऊन कपाट हलवायला आले. मॅडमनी ते ओलं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सावकाश वाचलं, पुन्हा वाचलं.

“हे माही माय होय,” ते म्हणाले. दोर त्यांनी खाली ठेवला आणि मायची आणखी कार्डं शोधायला खण उघडला.

मी अहवालात लिहिलं : ‘काम अपूर्ण. कार्डांची मागची बाजू बाकी.’ प्राचार्यांना परीक्षेसाठी खोली हवी होती. ते कुरकुरले, पण नामदेवभाऊंनी आणलेली दोन कार्डं वाचल्यावर महिनाअखेरीपर्यंत थांबायला तयार झाले. मी तिकीट रद्द करून चार दिवस राहिलो आणि मॅडमबरोबर मागचे शब्द संगणकावर चढवू लागलो. संगणक प्रत्येक नोंदीला लेखकाचं नाव मागत होता. मी मॅडमचं नाव टाकू लागलो, तर त्यांनी हात धरला. सांगणाऱ्याचं टाका, म्हणाल्या. पहिल्या नोंदीत आम्ही ठमाबाईंचं नाव टाकलं.

उरलेल्या नोंदी मॅडमवर सोपवून मी निघालो. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. आमच्या महाविद्यालयातलं असंच कपाट मी स्वतः रद्दीवाल्याला दिलं होतं, आणि केवढी जागा मोकळी केली म्हणून चारचौघांत सांगतही होतो. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी ती कार्डं जन्मभर हाताने लिहिली होती. त्यांतलं एकही मी उलटून पाहिलं नव्हतं.